‘मॅडम, तुम्ही शिकवलेलं तिथं काहीच चालत नाही’

या आठवड्याचं पत्र सोलापुरातल्याच एका शिक्षिकेचं आहे. थोडं कापून देते:

“मी इथल्या एका खासगी कॉलेजात हॉटेल मॅनेजमेंटच्या डिप्लोमाला शिकवते. फूड अँड बेव्हरेज सर्व्हिस माझा विषय, पण माणूस कमी म्हणून किचनची थिअरीही माझ्याकडेच आहे. आमची २२ मुलं पाच महिन्यांच्या इंडस्ट्रियल ट्रेनिंगवरून आत्ताच परत आलीत, निम्मी पुण्यात होती, निम्मी इथंच. पहिल्याच लेक्चरला एक मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही शिकवलेलं तिथं काहीच चालत नाही, मी तर तीन महिने नुसते कांदे सोललो.’ त्याच आठवड्यात एका हॉटेलच्या मॅनेजरचा फोन आला, ‘पोरांना साधा ट्रे धरता येत नाही, शिकवता काय तुम्ही?’ प्राचार्य म्हणतात लॉगबुकवर सह्या आहेत, सर्टिफिकेट आलं, विषय संपला. मी सिलॅबस बाजूला ठेवून हॉटेलात चालतं तेवढंच शिकवू का? माझ्याकडे आठवड्याला प्रॅक्टिकलचे फक्त चार तास आहेत.”

ताई, पत्र दोनदा वाचलं. मी बरीच वर्षं हॉटेलात काढली, मग बरीच वर्षं शिकवलं, त्यामुळं तुम्हाला दोन्ही बाजूंनी एकदमच ऐकून घ्यावं लागतंय ते मला नीट कळतंय. आधी तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते, सिलॅबस सोडू नका. हॉटेलात चालतं तेवढंच शिकवायचं तर मुलांनी तुमच्याकडे फी भरून का यावं, ते हॉटेलवालाच शिकवेल आणि वर चार पैसे देईल. पण सिलॅबस आत्ता शिकवताय तसाच पुढं शिकवत राहिलात तर पुढची बॅच पण येऊन हेच म्हणणार, हे पण तितकंच खरं आहे.

तो मुलगा सगळ्यांसमोर बोलला म्हणून तुम्हाला लागलं असेल. पण मला विचाराल तर २२ जणांत तोच एक आहे ज्यानं वर्गातलं आणि हॉटेलातलं शेजारी ठेवून बघितलं, बाकीच्या २१ जणांनी तेवढं पण केलं नाही, आले आणि बेंचवर बसले. त्याला बोलवा, चहा द्या, आणि म्हणा ‘काय काय चालत नाही त्याची यादी दे, एक पण सोडू नको.’ रागानं नाही, खरंच हवीय म्हणून मागा.

त्या यादीत काय येणार ते मला आत्ताच दिसतंय. पहिलं येणार मदर सॉस. बेशामेल, व्हेलूते, एस्पान्योल, टोमॅटो, हॉलंडेज, पाच नावं पाठ करून मुलं गेली आणि तिथं पाच महिन्यांत एकदा पण व्हेलूते कुणी केला नाही. बरोबरच आहे, आपल्याकडच्या हॉटेलात कोण करतंय? पण त्याच किचनमध्ये रोज सकाळी काय होत होतं ते त्याला विचारा. मोठ्या टोपात कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही, एकात काजू-मगजची पांढरी ग्रेव्ही, एकात मखनी, बरोबर? आणि संध्याकाळी ऑर्डर आली की एक पळी ह्यातली, अर्धी पळी त्यातली, वर थोडं क्रीम नाहीतर कसुरी मेथी, झाली वेगळी भाजी. मदर सॉस म्हणजे हेच की, चार-पाच बेस आधी करून ठेवायचे आणि त्यातून पन्नास डिश काढायच्या, म्हणजे गिऱ्हाईक बसल्यापासून पंधरा मिनिटांत ताट पुढं जातं. मुलानं मदर सॉस रोज बघितला, स्वतः ढवळला पण असेल, पण वर्गात तो मैदा-बटर-दुधाचा पांढरा सॉस म्हणून भेटला होता त्यामुळं तिथं तो ओळखूच आला नाही. ह्यात चूक त्याची नाही. बेशामेल शिकवतानाच आपण मखनीचं टोप शेजारी ठेवलं असतं तर ओळखला असता.

केओटीचं, म्हणजे किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीचं, पण तेच होतं. वर्गात आपण फळ्यावर तीन प्रती काढतो, एक किचनला, एक कॅशियरला, एक वेटरकडे. हॉटेलात गेलं की कॅप्टनच्या, म्हणजे वेटरांच्या वरच्या माणसाच्या, हातात टॅब, ऑर्डर टाकली की किचनमध्ये प्रिंट निघते, झालं. मूल म्हणणार हे जुनं शिकवतायत. तेव्हा विचारायचं, टॅबवरची ऑर्डर कुठं कुठं जाते? किचनला आणि बिलिंगला. मग तिसरी? ती त्या टॅबवरच राहते. आणि केओटी नसताना तुझ्या शेफनं एखादी डिश बाहेर सोडली का? नाही सोडली. का नाही सोडली? इथपर्यंत आलं ना, की मग कंट्रोल म्हणजे काय हे तुम्हाला शिकवावं लागत नाही, ते मूलच बोलून दाखवतं.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण ह्यात नुसत्या मार्कांचा प्रश्न नाही, कुणाच्या तरी पोटाचा प्रश्न आहे. डेंजर झोन आपण सगळेच शिकवतो, ५ ते ६० डिग्री सेल्सिअसच्या मधे अन्न ठेवू नये, गार ठेवायचं ते ५ च्या खाली, गरम ठेवायचं ते ६० च्या वर. दोन मार्काला येतं, मुलं लिहितात, दोन्ही मार्क मिळतात. माझ्याकडं एक विद्यार्थी होता, ह्या प्रश्नाला पैकीच्या पैकी मार्क घेतलेला, तो ट्रेनिंगला असताना मी भेटायला गेले तर त्यानं स्वतः सकाळी दहाला शिजवलेला भात टेबलवर पसरून ठेवला होता, रात्रीच्या फ्राईड राईससाठी, मे महिन्यात, आपल्याकडं पारा ४२ च्या पुढं जातो तेव्हा. मी विचारलं हा भात कधीचा? म्हणाला सकाळचा, इथं असंच करतात, भात सुटा होतो. मी म्हटलं डेंजर झोन किती ते सांग, तर खाडकन म्हणाला ‘पाच ते साठ’. आणि भाताकडे बघतच नव्हता! दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात होत्या आणि त्यांची एकमेकींशी ओळखच झाली नव्हती.

मग त्याला तिथंच उभं राहून सांगितलं की भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे स्पोअर, म्हणजे बीजाणू, असतात, ते शिजवून मरत नाहीत, भात कोमट राहिला की ते उगवतात आणि वाढताना विष तयार करतात, आणि उलट्या करणारं ते विष रात्री कढईत कितीही परतलं तरी जात नाही. म्हणून ‘नंतर गरम करतोच की’ हे उत्तर भाताला चालत नाही. भात सुटाच हवा असेल तर पातळ थरात पसरून लवकर गार करायचा आणि लगेच फ्रीजमध्ये टाकायचा, सुटा पण होतो आणि सेफ पण राहतो. त्यानं ते शेफला सांगितलं, घाबरत घाबरत, आणि शेफनं ऐकलं. शेफ वाईट माणूस नव्हता, त्याला हे कारणासकट कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून मला वाटतं आपलं काम नेमकं ह्या जागेवर आहे. करार केला, लॉगबुक छापलं, मुलं पाठवली म्हणजे वर्गाची आणि हॉटेलाची जोडणी झाली असं होत नाही. मुलाच्या खिशात वर्गातून एक प्रश्न गेला पाहिजे आणि तिथून उत्तर घेऊन परत आला पाहिजे, आणि परत आल्यावर त्या उत्तराला वर्गात जागा मिळाली पाहिजे. आपण पहिलं थोडंफार करतो, तिसरं अजिबातच करत नाही. मुलं परत येतात, रिपोर्ट बाईंड करून देतात, व्हायवा होतो, आणि सोमवारपासून पुढचं युनिट चालू. पाच महिने एवढं बघून आलेलं मूल आणि त्याला कुणी विचारलंच नाही की बाळा काय बघितलंस.

मी स्वतः ट्रेनी होते तेव्हा एका मोठ्या हॉटेलात मला सहा आठवडे लिनन रूममध्ये ठेवलं होतं. नॅपकिन मोजायचे, घड्या करायच्या, परत मोजायचे. रडायला यायचं. परत आल्यावर आमच्या सरांनी एकच विचारलं, ‘शंभर नॅपकिन लॉन्ड्रीला गेले तर परत किती यायचे, आणि आलेल्यातले किती वापरायजोगे असायचे?’ आणि मला माहीत होतं! कारण मोजत होतेच. सरांनी माझे आकडे फळ्यावर घेतले आणि त्यावरून पार स्टॉक शिकवला, म्हणजे एक सेट टेबलवर, एक लॉन्ड्रीत, एक कपाटात, शिवाय फाटणाऱ्यांसाठी जास्तीचा. तो तास मी अजून विसरले नाही. तुम्ही तर सोलापुरात आहात, टॉवेल आणि चादरीच्या गावात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत एखाद्या कारखान्यात मुलांना एक दुपार न्या, जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, काय असतं ते हातानं चाचपून कळेल, पुस्तकातून कळत नाही.

आता तुमच्या त्या कांदेवाल्या मुलाकडं येते, कारण त्याची तक्रार मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तीन महिने कांदे सोलायला लावणं हे चूकच आहे, ते हॉटेलशी बोलायलाच हवं, चार डिपार्टमेंटचं रोटेशन ठरलेलं असेल तर ते झालंच पाहिजे. पण कांदा सोलताना शिकण्यासारखं काही नव्हतं असं मात्र मी म्हणणार नाही. समजा ३० रुपये किलोनं १० किलो कांदा घेतला, ३०० रुपये झाले. साल, बुडखा, शेंडा, सडका भाग काढून राहिला ८ किलो ८०० ग्रॅम. म्हणजे यील्ड ८८ टक्के, आणि किचनला कांदा ३० नं पडलाच नाही, ३४ रुपयांच्या वर पडला. कॉस्टिंगमध्ये ३० धरलं की तिथंच गणित चुकलं, आणि कांदा प्रत्येक ग्रेव्हीत आहे. त्यात कांदा जुना असेल तर वेगळा आकडा, ओला असेल तर वेगळा, तळून कुरकुरीत केला तर आणखीच वेगळा. हिवाळ्यात आपल्या बाजार समितीत कांद्याच्या गाड्यांची रांग लागते तेव्हा सकाळी मुलांना घेऊन जा, लिलाव बघू दे, मग कॉलेजच्या किचनमध्ये वजनकाट्यावर कांदा सोला. फूड कॉस्टचं ते युनिट जे मुलांना रडवतं ना, ते ह्या एका कांद्यावर निम्मं शिकवून होतं. त्या मुलाला ट्रेनिंगला जाताना एवढंच सांगितलं असतं की आठवड्यातून एकदा सोलायच्या आधी आणि नंतर वजन लिहून ठेव, तर तो तीन महिन्यांचे आकडे घेऊन आला असता आणि मॅनेजरनं पण ते बघायला मागितले असते.

तर पुढच्या बॅचला असं करा, जाण्याआधी प्रत्येकाला आठवड्याला एक प्रश्न द्या. एकच. आणि हो-नाहीचा नको, बघितल्याशिवाय उत्तर देता येणार नाही असा हवा. ‘तुमच्याकडं ब्रेकफास्ट बुफेत उरलेल्याचं काय होतं?’ ‘चेकआऊट रूम तयार करायला किती वेळ लागतो आणि सगळ्यात जास्त वेळ कशात जातो?’ ‘गेस्ट चिडला तर पहिल्यांदा कोण पुढं जातं?’ असे. उत्तर लॉगबुकमध्ये इंग्लिशमध्ये लिहायला लावू नका, ते सिनियरच्या वहीतून उतरवतात, तुम्हाला पण माहितीय. रविवारी दोन मिनिटांची व्हॉईस नोट मागा, मराठीत, सोलापूरच्या पूर्व भागातली तेलुगू घरांतली पोरं असतील तर तेलुगू मिसळून बोलू दे, कन्नड बोलू दे, जिभेवर आहे त्यात बोलू दे. इंग्लिश शब्द नंतर वर्गात घालता येतात, आधी बघितलेलं बाहेर येऊ दे.

दुसरं म्हणजे हॉटेलात माणूस धरा, आणि तो एचआरचा नको. एचआर पत्राला उत्तर देतं, पण मुलाशेजारी दिवसभर उभा असतो तो सीडीपी (किचनच्या एका विभागाचा शेफ, शेफ द पार्ती) नाहीतर कॅप्टन नाहीतर फ्लोअर सुपरवायझर. त्याला जाऊन भेटा, दुपारी साडेतीन ते सहाच्या मधे, लंच उरकलेला आणि डिनरची गडबड सुरू व्हायची असते तेव्हा, भर जेवणाच्या वेळी गेलात तर तो मनात शिव्याच घालणार. सोबत एक कागद न्या, ह्या महिन्यात मुलाला एवढ्या चार गोष्टी दाखवा असा. जर्मनीत हीच गोष्ट पक्की करून टाकलीय, तिथं हॉटेलात शिकणारी मुलं साधारण आठवड्यातले तीन-चार दिवस कामावर आणि एक-दोन दिवस शाळेत असतात, मुलाची एक वही असते ती कामावरचा ट्रेनर तपासतो, आणि ट्रेनर व्हायचं तर शिकवायचं कसं ह्याची वेगळी परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडं आयटीआयमध्ये २०१६ पासून त्याच धर्तीवर ड्युअल सिस्टीम आलीय. पण आपल्या सीडीपीला अजून कुणी सांगितलेलंच नसतं की तू आता शिक्षक पण आहेस. तुम्ही जाऊन सांगा. वर्षातून एकदा त्याला कॉलेजात बोलवा, शाल-नारळ द्या, मुलांसमोर एक डेमो करू दे. मी हे केलंय आणि पुढच्या वर्षी त्याच माणसानं आमच्या मुलींना तंदूरवर उभं केलं, जिथं आधी मुलींना कुणी जाऊ देत नव्हतं.

मुलींवरून आठवलं, हे प्रश्न-बिश्न सगळं नंतर, आधी मूल सुरक्षित आणि माणसासारखं वागवलेलं असलं पाहिजे. चौदा-चौदा तास उभं केलेलं मूल काही शिकत नाही, ते फक्त थकतं. जाण्याआधी ड्युटीचे तास, आठवड्याची सुट्टी, जेवण, रात्री घरी किंवा हॉस्टेलला कसं सोडणार हे लेखी घ्या. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात ट्रेनी आणि अप्रेंटिस पण येतात, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे, त्या समितीत कोण आहे ते मुलींना जाण्याआधी माहीत हवं. आणि कुणाला १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली घेतलं असेल तर त्याचा करार आणि स्टायपेंड वेगळा असतो, ट्रेनी वेगळा आणि अप्रेंटिस वेगळा, कागद बघितल्याशिवाय सही करू नका म्हणावं.

मॅनेजरच्या ट्रेबद्दल. तो खरं बोलला. चार तास म्हणजे २४० मिनिटं, २२ मुलं, एकेकाच्या वाट्याला ११ मिनिटं पण पुरती येत नाहीत, तेवढ्यात ट्रेवर कुणाचा हात बसतो? हे गणित त्याला सांगा, बहाणा म्हणून नाही, समजावं म्हणून. आणि आपल्याकडून एवढं करा, सकाळी कॉलेज सुरू व्हायच्या आधी पंधरा मिनिटं दारातच ट्रे आणि पाण्यानं भरलेल्या बाटल्या ठेवा, जो येईल त्यानं डाव्या हातावर ट्रे घेऊन व्हरांड्याची एक फेरी मारायची आणि मग वर्गात बसायचं. खर्च काही नाही. दोन महिन्यांत फरक दिसतो. मोठ्या पंगतीचा अनुभव हवा असेल तर अक्कलकोट जवळच आहे, अन्नछत्रात रोज हजारो भाविक जेवतात, एक दिवस मुलांना सेवेला घेऊन जा, पंगत बसते कशी, उठते कशी, पुढची बसायच्या आत जागा पुसली जाते कशी, हे बघितलं की बँक्वेटच्या धड्यात लिहिलेलं डोळ्यांपुढं उभं राहतं. आणि आपलं शेंगा चटणी, कडक भाकरी, शेंगापोळी पण वर्गात आणा की, टिकाऊ पदार्थ म्हणजे काय, पाण्याचा अंश कमी असला की पदार्थ का टिकतो, हे कडक भाकरीइतकं छान कशावरच शिकवता येत नाही.

एक गोष्ट तुमच्यासाठी, ती मनाला लावून घेऊ नका. पत्रावरून वाटलं की तुम्ही स्वतः हॉटेलात फार काम केलेलं नाही, डिग्रीनंतर सरळ शिकवायला लागलात. अशा खूप शिक्षिका आहेत, त्यात कमीपणा काही नाही. पण मे महिन्याच्या सुट्टीतले दहा दिवस काढा, आणि ज्या हॉटेलातून तो फोन आला होता ना, त्याच मॅनेजरला फोन करा, म्हणा ‘मला दहा दिवस तुमच्या फ्लोअरवर उभं राहायचंय, पगार नको.’ तो नाही म्हणणार नाही. पाय दुखतील, पहिले दोन दिवस काहीच सुचणार नाही. पण नंतर तुम्ही वर्गात ‘हॉटेलात असं असतं’ म्हणाल तेव्हा मुलं वेगळ्या कानांनी ऐकतील.

प्राचार्यांशी भांडू नका, त्यांच्याकडं फक्त एक तास मागा, आठवड्यातला एक, नाव काहीही द्या. त्या तासाला भिंतीवर एक मोठा कागद, मधे रेघ, एका बाजूला ‘इथं’, दुसऱ्या बाजूला ‘तिथं’. परत आलेल्या मुलांनी फरक लिहायचे आणि प्रत्येक फरकाखाली ‘का?’ लिहायचं. काही ठिकाणी हॉटेल बरोबर निघेल, तिथं तुमच्या नोट्स बदला, बिनधास्त बदला. काही ठिकाणी तुम्ही बरोबर निघाल, त्या भातासारख्या. परीक्षेत पण एक-दोन प्रश्न असे टाका, ‘डेंजर झोन सांगा’ च्या ऐवजी ‘सकाळी दहाचा भात, मे महिना, रात्री आठची ऑर्डर, तुम्ही ट्रेनी आहात, काय कराल?’

सुरुवात मात्र त्या मुलापासूनच करा. उद्याच मंडईतून दहा किलो कांदा आणा, काटा त्याच्या हातात द्या आणि बाकीच्या २१ जणांना त्याच्याभोवती उभं करा. तीन महिने सोललाय, हात एव्हाना सुटलेला असणार, त्यालाच दाखवू दे. सोलून झाल्यावर किती भरला ते मला कळवा, कांदा जुना होता का नवा ते पण लिहा.